पऱ्हाटीत वाकलेली माणसं

मार्च २०२४ मध्ये इथे कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत, हरणांची गळून पडलेली शिंगं शोधायला गेलेल्या दोन भावांवर माउंटन लायनने हल्ला केला. एक भाऊ दगावला. असं काही घडलं की आपल्याकडे सूचनांचा पाऊस पडतो : पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका, हात उंच करा, ओरडा, लेकरू कडेवर घ्या. सूचना रास्त आहेत. कॅलिफोर्नियात या प्राण्यामुळे माणूस दगावण्याची ही वीस वर्षांतली पहिलीच वेळ. पी-२२ नावाचा नर तर लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात दहा वर्षं राहिला, आणि तिथे रोज फिरायला येणाऱ्या बहुतेकांना तो कधी दिसलाही नाही. माणूस दिसला की बाजूला व्हायचं, ही या जनावराची रीत. शिकाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा. हिरवे-करडे कपडे घालून झुडपात दबा धरायचा आणि एल्कची किंवा टर्कीची हाक काढायची, म्हणजे सावजाचंच सोंग झालं. मग लायन दबक्या पावलांनी जवळ येतो, यात त्याचं काय चुकलं?

सावजासारखं दिसण्याचा हा धोका आपल्या गावाकडेही आहे. आता कौंडण्यपूरकडे या. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण हात जोडतो ते वर्धा नदीकाठचं गाव. ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून निघालेला एक तरुण वाघ याच पट्ट्यात उतरला होता. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी इथे त्याने दोन शेतकऱ्यांचा जीव घेतला. अंजनसिंगी कौंडण्यपूरच्या शेजारचंच. तो पुढे मध्य प्रदेशात गेला आणि डिसेंबरात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीत जेरबंद झाला. नवी हद्द शोधणारा वाघ अशी लांबची वाट तुडवतोच, त्यात नवल नाही.

पण महिना पाहा. सोयाबीन काढणीला आलेलं, तूर पुरुषभर उंच आणि पऱ्हाटीत बाया कापूस वेचताहेत. वेचणी वाकूनच होते हो! ‘खाली वाकू नका’ हा सल्ला त्यांनी कसा पाळावा? आपण ट्रेलवर पाटी पाहून माघारी फिरतो, आणि कापूस तर दिवसभर वेचायचाच असतो. पुढे रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं, तर कित्येक फीडरवर वीज रात्रीची. अंधारात बांधावर उकिडवं बसून बारं धरणाऱ्या माणसाची आकृती वाघाला काय दिसत असेल?

म्हणून ‘वाघ वाचवा’ आणि ‘गोळी घाला’ या इथून दिल्या जाणाऱ्या दोन्ही आरोळ्यांचा मला सारखाच कंटाळा येतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. तुमच्या गावच्या फीडरला ती पोचली का, हे पुढच्या फोनवर घरी विचारा. नसेल पोचली, तर गावाने अर्ज कुठवर नेला तेही विचारा, आणि उत्तर इथल्या आपल्या मंडळाकडे कळवा. पुढच्या अंकात गाववार छापू.