ट्रॅकला गंज फासू नका

रणगाड्यांची छोटी मॉडेल्स करणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. निवृत्तीनंतर तर हा छंद अनेकांना लागतो. एकास पस्तीस मापाचा सेंच्युरियन, पूना हॉर्सचा, 16 डिसेंबर 1971, बसंतर. हल झकास, टरेट झकास. आणि खाली ट्रॅक मात्र विटकरी गंजाने माखलेले! माझं मत स्पष्ट आहे. असं मॉडेल मेसच्या कपाटात ठेवू नये.

गंजलेला ट्रॅक म्हणजे उभा राहून सडलेला रणगाडा. शकरगढच्या शेतांतून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून जे रणगाडे बसंतरपार गेले, त्यांच्या ट्रॅकला गंज धरायला उसंत होती कुठे? सेंच्युरियनचा ट्रॅक ओतीव मँगनीज पोलादाचा. हे पोलाद मार खाऊन आणखी कडक होतं आणि घासेल तिथे चकाकतं. जमिनीला टेकणाऱ्या कडा, मधल्या शिंगांच्या बाजू, स्प्रॉकेटचे दात बसतात त्या जागा, सगळं लखलखीत. आतून चाकांचं रबर फिरतं तिथे गुळगुळीत, काळसर. उरलेल्या खाचांत फक्त माती. पावसात रात्रभर उभा राहिला तर नारिंगी थर चढतो, कबूल. पण सकाळी थोडा चालवला की टेकणाऱ्या कडांवरून तो उतरतो.

मग हा गंज येतो कुठून? युनिटच्या गेटवर, चौथऱ्यावर उभ्या केलेल्या रणगाड्यांच्या फोटोंवरून. मंडळी त्या मेलेल्या रणगाड्याची नक्कल करून त्याला लढाईचं नाव देतात.

व्हाइट मेटलचे ट्रॅक वापरत असाल तर काम सोपं आहे. आधी साबणाने घासून तेलकटपणा काढा, नाहीतर द्रावण ठिपक्याठिपक्यांनी लागतं. मग धातू काळा करणाऱ्या द्रावणात बुडवा, काळा झाला की लगेच पाण्याने धुवा. वाळल्यावर मातीच्या रंगाची पावडर थिनरमध्ये कालवून खाचांत सोडा. शेवटी उंच कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, खरा धातू उघडा पडतो. चंदेरी रंगाला ती चमक येत नाही.

मातीचा रंग मात्र गावाप्रमाणे. सुरतगडची वाळू फिकट, आणि ती ट्रॅकला पॉलिशच करते. पंजाबचा चिखल ओला असताना गडद, वाळला की भुरकट. लडाखची धूळ राखेसारखी. एकाच डबीतली 'मड' नावाची पावडर सगळीकडे फासणं म्हणजे निव्वळ आळस.

एवढा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारेल. ट्रॅकचा ताण बघणं, पिना तपासणं, घण घालून त्या बसवणं, हे दिवसभर चालवून थकलेल्या ड्रायव्हरने आणि क्रूने रात्री अंधारात केलेलं काम असतं. त्या ट्रॅकवर गंज दाखवला तर त्यांनी तो सांभाळलाच नाही असा अर्थ होतो. मॉडेल बघायला आलेल्या म्हाताऱ्या रिसालदार साहेबांची नजर आधी तिथेच जाते. आणि साहेब काय म्हणतील, ते इथे छापण्यासारखं नाही.

एक राहिलंच. व्हाइट मेटलमध्ये पुष्कळदा शिसं असतं. पेपर ओला करून घासा, आणि हात स्वच्छ धुतल्याशिवाय नातवंडांना जवळ घेऊ नका.