मोजल्यावाचून मागणी?

१९५६ साली हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि बिदरची मराठी खेडी म्हैसूरच्या पदरात पडली. हैदराबादच्या चिक्कडपल्ली ग्रंथालयात आज परीक्षार्थी तरुणांची दाटी असते. त्यांत कोणी भालकी-औरादचा मराठी मुलगा असेल, तर त्यास आमचे एक सांगणे आहे.

खेडे हा घटक, सलगता आणि साधे बहुमत हे पाटसकर सूत्र आंध्र-मद्रास सीमेस चालले. आमच्या वाट्यास १९६७ चा महाजन अहवाल आला. ८६५ गावे आम्हांस मुखोद्गत; पण कोणत्या गावी, कोणत्या शिरगणतीत मराठी किती, असे विचारताच सभा मुकी होते! २०११ च्या जनगणनेचे मातृभाषा-कोष्टक संगणकजालावर सर्वांस खुले आहे. ते तालुक्यापाशीच थांबते, खेड्यात उतरत नाही. आमच्या दाव्याच्या मुळावरच येणारी ही उणीव, पण ती तरी किती कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिली? 'आर' ही संख्याशास्त्राची प्रणाली विनामूल्य मिळते, मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रम संगणकाचे पाठ मराठीतूनही देतो. घोषणांचे कंठ आमच्याकडे उदंड आहेत. १९५१ ची कोष्टके उतरवून २०११ च्या शेजारी मांडणारा तालुक्यास एक तरुण, एवढेच आम्ही मागतो. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत आहे; शिकण्यास अवधी मिळाला नाही, असे तरी कोणी म्हणू नये!