'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' म्हणजे काय? 'बुडत्याला काडीचा आधार' तिथे चालेल का?

निवडणुकीचा निकाल असो की हातची गेलेली मॅच, इंग्रजी बातमीत 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' हमखास दिसतं. यातली स्ट्रॉ नारळपाण्यातली नव्हे. गव्हाची मळणी झाल्यावर उरतं ते काड. सगळे मार्ग संपले की माणूस भलत्याच गोष्टीवर भिस्त ठेवतो, तेव्हा हे म्हणतात. थॉमस मोर यांनी 1534 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना लिहिलेल्या पुस्तकात ही उपमा आहे. तिथे मात्र काड नाही, साधी काटकी आहे. म्हणजे आपल्या काडीच्या आणखी जवळ!

म्हणून भाषांतर करताना डेस्कवर 'बुडत्याला काडीचा आधार' बिनधास्त ठोकलं जातं. माझ्या मते ते बहुतेक वेळा चुकतं. इंग्रजी वाक्प्रचार काठावर उभा असलेला माणूस बोलतो, बुडणाऱ्याकडे बघून. खरी गोम 'ॲट'मध्ये आहे: धडपड चालू आहे, हाती काही नाही. आपली म्हण संपते ती 'आधार' या शब्दावर.

लातूरकरांना हा फरक समजावून सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. तेव्हा मिरजेहून पहिली पाणी एक्स्प्रेस आली ती 10 वाघिणींची, सुमारे 5 लाख लिटरची. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार. भागाकार करा: माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे 50 वाघिणी येऊ लागल्या तरी एका फेरीमागे माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीही नाही. कागदावर हे 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'च. पण रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तसं म्हणायची कोणाची हिंमत होती? तिच्यासाठी तो काडीचा का होईना, आधार होता.

तेव्हा हरलेला उमेदवार ईव्हीएमला दोष देत असेल, तर सरळ 'निष्फळ धडपड' लिहा. म्हण गरजवंतासाठी राहू द्या.

आणि नांदेड-लातूरच्या परीक्षार्थींनो, 'लास्ट स्ट्रॉ' याच्याशी जोडू नका. ती उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी. तिथे सहनशक्ती संपते.