रोर्शाकला डोक्यावर घेऊ नका

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या कॉमिकमधला (१९८६-८७) मुखवटेवाला रोर्शाक आमच्या घरातल्या पोरांना लय भारी वाटतो. तपासात तो हुशार आहे, हे मलाही मान्य. न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून फेकून मारलेल्या ब्लेक नावाच्या माणसाच्या कपाटाची खोली तो हँगरची तार सरळ करून मोजतो आणि मागचा चोरकप्पा हुडकतो. आत ‘कॉमेडियन’ या मुखवटेवाल्याचा पोशाख, म्हणजे ब्लेकच तो! पण पुढे? बारमध्ये शिरून, खुनाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाची बोटं मोडतो. हाती माहिती शून्य. कथेतल्या १९७७च्या कीन कायद्याने असल्या मुखवटेवाल्यांवर बंदी आणली, ती मला तरी पटते. (बॅटमॅनवाल्यांनी खुशाल रागवावं.) बोटं मोडलेल्याने तक्रार करायची कुणाकडे?