आठवणीची वस्तू आणि कारागिराचा घाम

परदेशप्रवास हा आता केवळ धनिकांचा विलास राहिलेला नाही. मुलेबाळे परदेशी नोकरीस असलेली मध्यमवर्गीय मंडळीही व्हेनिस पाहून येतात आणि परतताना आप्तेष्टांसाठी काचेची एखादी रंगीत वस्तू आणतात. ती मुरानो बेटावर घडलेली आहे, असे दुकानदाराने सांगितलेले असते. पुष्कळदा ते खरे नसते.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली आगीच्या भयाने शहरातील काचेच्या भट्ट्या मुरानोवर हलविल्या. पुढे धंद्याचे गुपित फुटू नये म्हणून कारागिरांना राज्य सोडून जाण्याची बंदी झाली. फुंकनळीच्या टोकाशी तापलेल्या काचेला श्वासाने आकार देणारी ही विद्या सात शतके टिकली. आज बाहेरून येणाऱ्या स्वस्त नकलांनी तिची बाजारपेठ व्यापली आहे. १९९४ साली व्हेनेतो प्रांताने कायद्याने अस्सल मालासाठी खास चिन्ह निर्माण केले. परंतु ते लावणे ऐच्छिक असल्याने, चिन्ह नसलेली प्रत्येक वस्तू नकली ठरत नाही. त्यात २०२१-२२ मध्ये नैसर्गिक वायूचे दर भडकले आणि अहोरात्र धगधगत ठेवाव्या लागणाऱ्या कित्येक भट्ट्या विझवाव्या लागल्या.

या प्रकरणी दूरदेशी नकला घडविणाऱ्या मजुराला दोष देणे अन्यायाचे होईल. तोही तुटपुंज्या मजुरीवर राबतो. एकाचे नाव आणि दुसऱ्याचे श्रम स्वस्तात उचलून मधला नफा खिशात घालतो तो मालाचे मूळ लपविणारा व्यापारी. दोन्ही कारागीर त्याचेच बळी होत.

महाराष्ट्राला हे दुखणे परके नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही त्याच नावाने कृत्रिम चामड्याचे जोड सर्रास विकले जातात आणि कातडे कमावणाऱ्या, शिवणाऱ्या हातांची कमाई बुडते. कोल्हापुरास येणाऱ्या पाहुण्याने अस्सल जोड पारखून घ्यावा, अशी अपेक्षा बाळगणाऱ्याने मुरानोत गेल्यावर निराळा न्याय लावावा काय?

स्वदेशीचा खरा आशय श्रमाच्या सन्मानात आहे, आणि श्रमाला सरहद्द नसते. म्हणून प्रवाशाने दहा स्वस्त वस्तूंऐवजी एकच घ्यावी. पण ती कोणी घडविली, कोठे घडविली आणि पैसा कोणाच्या हाती पडतो, हे विचारून घ्यावी. दुकानदार उत्तर टाळू लागला, तर रिकाम्या हाताने परतण्यात कमीपणा नाही.