रुपया खणखणीत आहे का?



माल विकून चार पैसे हाती आले की अनोळखी माणसे दारात येतात. "खोदकामात चांदीच्या रुपयांचा हंडा सापडला, अडचण आहे, स्वस्तात देतो," असे सांगतात. तपासायला एक रुपया देतात. तो खरा असतो. थैलीतले बाकीचे खोटे. म्हणून तपासायचे नाणे आपण निवडावे, आणि एकच नव्हे, सगळी तपासावीत.

आधी साल पाहा. राणीछाप रुपयापासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असते. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया सरकारीच, पण निकेलचा.

मग चुंबक लावा. चिकटला तर चांदीचा नव्हे. मात्र न चिकटला म्हणून खरा समजू नका; पितळ आणि शिसेही चिकटत नाही. कड पाहा. रेघा सारख्या हव्यात. कडेने सांधा दिसला तर नाणे ओतीव, म्हणजे खोटे.

आता वजन. बंदा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. आपला जुना ऐंशी तोळ्यांचा शेर याच मापाचा. झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, जास्त भरणार नाही.

शेवटी पाण्याची कसोटी. सोनाराच्या आकडे दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. १९३९ पर्यंतचा खरा रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. तेवढ्याच वजनाचा तांब्या-पितळेचा असेल तर १.३ किंवा त्याहून अधिक. चांदीचा मुलामा डोळ्यांना फसवतो, पाण्याला नाही.

घरचे जुने रुपये विकायचे असतील तरी हेच करून जा, म्हणजे "खोटा आहे" म्हणून कोणी भाव पाडणार नाही. कानशीने घासू नका, चिंचेने उजळू नका. संग्रह करणारे असे नाणे कमी किमतीला मागतात. "दुर्मिळ सालाचे" म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका. चांदी खरी असली तरी साल बनावट असू शकते.

आणि जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सापडलेला हंडा गुपचूप विकणाऱ्याला एवढेच सांगा, "चला, आधी सोनाराच्या काट्यावर जाऊ." तो निघून गेला तर तुमचे पैसे वाचले.