घर आणि विज्ञान : किटलीतला पांढरा थर

घरातली काही कामे अशी असतात की ती आज केली नाहीत तर आज काहीच बिघडत नाही. म्हणूनच ती मागे पडतात. विजेच्या किटलीच्या तळाशी, पाणी तापवायच्या रॉडवर आणि गीझरच्या पोटात साठणारा पांढरा थर काढणे हे त्यातलेच एक काम.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, वैनगंगेचाही. तरीही आमच्या करडीसारख्या गावांत पुष्कळ घरांत वापरायचे पाणी बोअरचे किंवा विहिरीचे असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना माती-खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. मग साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणतात. घरी आपण ‘भारी पानी’ म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, वर्ष २०१२) पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

पाणी तापले की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो. कर्बवायू उडून जातो आणि खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतो. संगमरवर आणि अंड्याचे टरफल ज्याचे बनते, तोच हा पदार्थ. हिशेब करून पाहा. पाण्याचा कठीणपणा ३०० असेल आणि दीड लिटरची किटली दिवसातून तीनदा उकळली, तर महिन्याभरात त्या पाण्यातून सुमारे ४० ग्रॅम क्षार जातो. त्याचा चौथा हिस्सा जरी तळाशी राहिला, तरी १० ग्रॅम दगड झाला.

हा दगड उष्णता अडवतो. पाणी उशिरा तापते, वीज जास्त लागते. रॉडवर आणि गीझरच्या कॉइलवर थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल नको तितकी तापते आणि एक दिवस जळते. हिवाळ्यात फजरच्या वुजूला पाणी तापवताना रॉड बंद पडतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

पुष्कळ जणींना भीती वाटते की किटलीत असा थर, तर पोटात मुतखडाच होणार. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. तेव्हा केवळ या थराला घाबरून महागडे यंत्र घेण्याची घाई नको. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता उपाय. वर्गात मी अंड्याचे टरफल सिरक्यात टाकून दाखवते. बुडबुडे येतात आणि टरफल हळूहळू विरघळते. किटलीतही हेच करायचे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एका लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम विरघळवा. चहाचे साधारण चार सपाट चमचे होतात. हे पाणी किटलीत भरून अर्धा तास ठेवा. उकळू नका, फार गरम झाले तर त्यातून दुसराच पांढरा क्षार तयार होऊन तळाशी बसू शकतो. मग ओतून टाका, मऊ कापडाने पुसा आणि दोनदा साधे पाणी उकळून फेकून द्या. थर जुना असेल तर पुन्हा एकदा करा. लिंबूसत्व नसेल तर निम्मा सिरका, निम्मे पाणी चालते. वास मात्र काही वेळ राहतो.

रॉडसाठी आधी प्लग काढा. पूर्ण थंड झाल्यावर फक्त नळीचा भाग याच पाण्यात बुडवा. वरची मूठ आणि वायर कोरडी राहिली पाहिजे. सुरीने खरवडू नका. नळीला चीर पडली तर वीज पाण्यात उतरते आणि जिवावर बेतते. साठवणीचा गीझर इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्यावा. त्याचे तापमान ६० अंशांच्या वर ठेवू नये, कारण पाणी जितके तापेल तितका थर लवकर बसतो. मशिदीच्या वुजूखान्यातल्या गीझरचेही तेच. हिवाळा सुरू होण्याआधी जमातीतल्या कोणी तरी हे काम आठवणीने करून घ्यावे.

शहरात नोकरीला असलेली मुले आता घरी कॉफीचे मशीन आणतात. एस्प्रेसो मशीनमध्ये गरम पाणी सुमारे ९ बार दाबाने बारीक कॉफीतून जाते. आतल्या नळ्या अरुंद असतात, म्हणून थराचा त्रास तिथे आधी होतो. कॉफी थेंबथेंब येऊ लागली, वाफ कमी झाली, मशीन जास्त आवाज करू लागले, तर सफाईची वेळ झाली समजा. आधी सोबतचे पुस्तक वाचा. काही मशीनमध्ये ही सफाई घरी करायला कंपनीच मनाई करते. परवानगी असेल तर टाकीतले फिल्टर काढून कंपनीने सांगितलेले द्रावण भरा. अर्धे द्रावण कॉफीच्या आणि वाफेच्या नळीतून काढा. मशीन बंद करून १५-२० मिनिटे थांबा, मग उरलेले काढा. शेवटी दोन टाक्या स्वच्छ पाणी फिरवा. सिरका पुष्कळ कंपन्या नको म्हणतात. रबराचे वायसर खराब होऊ शकतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड किटलीत, रॉडवर किंवा मशीनमध्ये कधीही वापरू नका. ते स्टीललाही खाते आणि त्याची वाफ छातीला लागते. लिंबूसत्व असो की सिरका, ब्लीचिंग पावडरबरोबर मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. अ‍ॅसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणे तर लहान मुलांच्या घरात फारच धोक्याचे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात आणि कलई उडालेल्या पितळी भांड्यातही लिंबूसत्वाचे पाणी भिजत ठेवू नये. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना कलईवालाच हवा.

थर कागदाएवढा असतानाच काढला तर अर्धा तास पुरतो. बोटाएवढा झाला की वस्तूच बदलावी लागते. दर महिन्याची एक तारीख ठरवा. घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना सोबत घ्या. पुस्तकातले समीकरण किटलीत बुडबुडे होऊन दिसले की ते पुन्हा पाठ करावे लागत नाही.